घरी येऊन घेतलेलं रक्त, दहा दिवसांत थायरॉईडचे दोन वेगळे आकडे – आईचा कुठला रिपोर्ट खरा धरायचा?

पाथर्डीफाट्याची_लेक | १८ जानेवारी, रात्री १०.१०

नमस्कार. आईबद्दल विचारायचंय, लांबण लागेल पण सगळं एकदाच लिहिते.

आई ५८ वर्षांची, आमच्याजवळच राहते. थायरॉईड कमी असल्याची गोळी सात वर्षं चालू आहे, ७५ मायक्रोग्रॅमची. दर सहा महिन्यांनी टेस्ट व्हायची, टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की वाढतो तो आकडा, २ ते ३ च्या मधे असायचा आणि डॉक्टर म्हणायचे हेच चालू ठेवा. पण आता गुडघ्यांमुळे दोन जिने उतरणं तिला फार जड जातं, लॅबमधे नेऊन तासभर बाकड्यावर बसवायचं म्हणजे घरी येईपर्यंत तिचे पाय सुजतात, म्हणून या वेळी मी ॲपवरून रक्त घ्यायला घरीच माणूस बोलावला. ६ तारखेला सकाळी पावणेसातला पोरगा दारात हजर, बाहेर धुकं, आईचे हात बर्फासारखे गार आणि शीर काही सापडेना. मग त्यानंच सुचवलं की तांब्यात कोमट पाणी घ्या आणि दोन्ही हातांनी धरून बसा, पाच मिनिटांनी सापडली. पोरगा चांगला होता, घाई केली नाही. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला तर टीएसएच ९.८ आणि शेजारी लाल बाण. एफटी४, म्हणजे रक्तातलं खुद्द थायरॉईडचं हार्मोन, मात्र ०.९, म्हणजे रेंजमधे.

माझं तर धाबंच दणाणलं. शेजारच्या काकू म्हणाल्या १०० ची सुरू करा सरळ, आमच्या ह्यांना तशीच वाढवली होती. मी म्हटलं आधी खात्री करू, म्हणून १६ तारखेला दुसऱ्या लॅबचा माणूस बोलावला, तो सांगून सकाळी आणि आला दुपारी साडेतीनला. त्यात आलं ६.४. मधल्या काळात ऑनलाईन एक बोट टोचून बघायचं कार्डाचं किटपण मागवलं होतं, त्यावर दोन रेघा आल्या.

आता ९.८ खरं का ६.४? घरी घेतलेल्या रक्ताचा भरवसा नसतो का? डॉक्टरांची वेळ ७ फेब्रुवारीची मिळालीय. तोवर आई दिवसभर शाल गुंडाळून बसते, पोट साफ होत नाही म्हणते, आणि आवाज जड झालाय तिचा, फोनवर मावशीनं ओळखलाच नाही. आधी मी थंडीवर ढकललं, निफाडला पारा एवढा खाली गेलाय तर नाशकात गारठा लागणारच ना. आता वाटतंय लक्ष द्यायला हवं होतं.

---

पंचवटी८२ | १८ जानेवारी, रात्री १०.३४

ताई आधी एक श्वास घ्या. दोन्ही आकडे खरे असू शकतात. गोळी मात्र स्वतःहून वाढवू नका, काकूंच्या सांगण्यावरून तर नाहीच नाही. ९.८ असो का ६.४, दोन्ही एकच गोष्ट सांगतायत की आत्ता आईंना गोळी पुरत नाहीये. का पुरत नाहीये ते शोधायचं. एफटी४ रेंजमधे आहे म्हणजे आज रात्रीत धावपळ करण्यासारखं काही नाही.

---

सातपूर_शिफ्ट | १८ जानेवारी, रात्री ११.०२

माझं स्पष्ट मत, हे घरी येऊन रक्त नेणं म्हणजे निव्वळ धंदा झालाय. थायरॉईड सांगितलं तरी पॅकेजच घ्या म्हणतात, ऐंशी टेस्टा, त्यातल्या दहा लाल येणार आणि मग माणूस घाबरून पुढच्या दहा करणार. आमच्या कंपनीत कॅम्प झाला तेव्हा निम्मं डिपार्टमेंट रिपोर्ट हातात घेऊन एकमेकांना विचारत होतं हे काय ते काय. त्यात बाईकच्या डिकीत उन्हात रक्त फिरवणार. मी तरी लॅबमधे जाऊनच देतो.

---

म्हसरूळ_सून | १८ जानेवारी, रात्री ११.२०

दादा तुम्ही जाऊ शकता म्हणून जाता. माझ्या सासूबाई अर्धांगवायूमुळे चार वर्षं अंथरुणावर आहेत. म्हसरूळहून रिक्षा करून, दोन माणसांनी उचलून, त्यात सगळे रस्ते खोदलेले, एका टेस्टसाठी त्यांचे किती हाल व्हायचे ते मी बघितलंय. घरी येणाऱ्या मुलीमुळे आज त्यांच्या सगळ्या तपासण्या वेळेवर होतात. पॅकेजचं म्हणाल तर नाही म्हणायचं, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच घ्या म्हणून सांगायचं, घेतात मुकाट्याने.

---

सिडको_लॅबवाला | १९ जानेवारी, सकाळी ७.५०

बारा वर्षं लॅबमधे काम करतोय, त्यातली पहिली पाच घरोघरी फिरून रक्त घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी वेळ बघा. तुमचं पहिलं रक्त पावणेसातचं आणि दुसरं दुपारी साडेतीनचं. टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो, रात्री आणि पहाटे चढलेला असतो आणि दुपारपर्यंत उतरतो. निरोगी माणसातही असंच असतं. त्यात लॅब बदलली की मशीन बदलतं, किट बदलतं, आकड्यात थोडा फरक तिथेही पडतो. म्हणून नियम सोपा आहे, लॅब तीच, वेळ तीच, आणि गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. गोळी घेऊन दोनचार तासांत रक्त दिलं तर एफटी४ चढलेला दिसतो. उपाशीपोटीच पाहिजे असं थायरॉईडला बंधन नाही, पण सकाळी उठल्या उठल्या दिलं की गोळीचा आणि वेळेचा दोन्ही प्रश्न मिटतात.

आता रक्त घरी घेतलं म्हणून बिघडतं का. नाही, नीट घेतलं तर बिघडत नाही. थायरॉईडसाठी साधारण पिवळ्या टोपणाची बाटली वापरतात, आत तळाला जेल असतं. रक्त भरल्यावर ती हळूच चारपाच वेळा उलटीसुलटी करायची, खळाखळा हलवायची नाही. मग अर्धा तास उभी ठेवायची, रक्त साखळतं, मग मशीनमधे फिरवली की खाली तांबड्या पेशी, मधे जेलचा पडदा आणि वर गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी. टेस्ट त्या पाण्यावर होते. बाटली आपटली, हलवली, उन्हात ठेवली तर पेशी फुटतात आणि ते पाणी लालसर होतं. खरं सांगायचं तर त्यात थायरॉईडपेक्षा पोटॅशियमची वाट जास्त लागते आणि नुसतं रक्त ताटकळत ठेवलं तर साखर कमी दिसते. टीएसएच त्या मानाने टिकाऊ आहे. पण म्हणून हलगर्जीपणा चालतो असं नाही.

माणूस घरी आला की तुम्ही इतकं बघा: सुई तुमच्यासमोर फोडतो का, बाटलीवर नाव आणि बारकोड तुमच्यासमोर चिकटवतो का, आणि जवळ थंड पेटी आहे का. नावाचा मुद्दा सगळ्यात मोठा. एका सोसायटीत सहा घरं झाली आणि स्टिकर सगळे शेवटी खाली पार्किंगमधे लावले तर सासूचा रिपोर्ट सुनेला जाऊ शकतो, तिथे मशीन कितीही भारी असलं तरी काय उपयोग. लॅबला एनएबीएलची, म्हणजे लॅबचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का हेही विचारा, आणि रक्त नाशकातच तपासतात का मुंबईला पाठवतात तेही. मुंबईला पाठवणं वाईट नाही, फक्त इथून निघायच्या आधी ते फिरवून पाणी वेगळं केलेलं असावं.

त्या कार्डाबद्दल. ते ५ च्या वर का खाली एवढंच सांगतं. दोन रेघा म्हणजे वर. ६ ला दोन रेघा आणि ६० लाही दोनच. ज्याला कधीच तपासलेलं नाही त्याला निदान लॅबकडे वळवायला ते ठीक आहे, पण गोळी चालू असलेल्या माणसाला आकडाच पाहिजे, त्याला ते कार्ड कामाचं नाही. आणि बोट फार पिळून थेंब काढला तर त्यात रक्ताबरोबर अंगातलं पाणीही उतरतं.

---

पाथर्डीफाट्याची_लेक | १९ जानेवारी, सकाळी ९.१५

दादा खूप खूप आभार, इतकं नीट मला कोणीच सांगितलं नव्हतं. नाव मात्र दुसऱ्या माणसाने समोर चिकटवलं नाही, पेनाने तळहातावर लिहून घेतलं आणि गेला. आता आठवतंय.

---

औषधवाली | १९ जानेवारी, दुपारी १.४०

मी फार्मासिस्ट आहे, इंदिरानगरला बसते. मला रिपोर्टपेक्षा आईंच्या सकाळची काळजी वाटतेय. सात वर्षं ७५ वर २-३ आणि अचानक ९.८, म्हणजे मधे काहीतरी बदललं. प्लीज मला सांगा: आई उठतात कधी, गोळी कशाबरोबर घेतात, त्यानंतर किती वेळाने चहा, आणि गेल्या तीनचार महिन्यांत कुठलं नवीन औषध सुरू झालं का? वजनात फार फरक? गोळीची कंपनी बदलली का? आणि बाटली ठेवतात कुठे?

---

पाथर्डीफाट्याची_लेक | १९ जानेवारी, दुपारी २.२५

आत्ताच फोन करून सगळं विचारलं.

सहाला उठते. गोळी चहाबरोबर, दोन मारी बिस्किटं असतात. आधी पाण्याबरोबर घ्यायची पण थंडी पडल्यापासून गार पाणी नको वाटतं म्हणून चहाबरोबरच. नवीन औषध म्हणजे दिवाळीनंतर गुडघ्यांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलंय, ते पण सकाळीच घेते, मीच तिला वारांचा डबा आणून दिला होता ना, सोमवार मंगळवार लिहिलेला, त्यात बीपीची, थायरॉईडची आणि कॅल्शियमची एकाच खणात भरून ठेवते आणि एकदम घेते. बाटली गॅसच्या वरच्या फळीवर, मिसळणाच्या डब्याशेजारी. कंपनी तीच.

ताई, हे असणार का कारण?

---

औषधवाली | १९ जानेवारी, दुपारी ३.१०

बऱ्यापैकी खात्रीने सांगते, हेच असणार. कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. गोळी घेतली जाते, डब्याचा खण रिकामा दिसतो, पण अंगाला लागते अर्धीमुर्धी. लोहाच्या गोळ्यांचं तेच आणि ॲसिडिटीच्या बऱ्याच औषधांचंही तेच. चहा-कॉफीनेही शोषण कमी होतं. आपल्या घरांत सकाळचा पहिला चहा म्हणजे देवपूजेइतका पक्का, त्यामुळे हे मी रोज काउंटरवर बघते आणि रोज सांगते, तरी लोक म्हणतात अहो चहाने काय होतंय.

आईंनी असं करावं. उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी, गार नको तर कोमट पाणी घ्या. त्यानंतर अर्धा तास तरी काही नाही, तास झाला तर उत्तम. मग चहा-बिस्किट. कॅल्शियम थेट दुपारच्या जेवणाबरोबर, दोघांत चार तासांचं अंतर पाहिजेच. बीपीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा. बाटली गॅसवरून आजच खाली काढा, वाफ आणि उष्णता दोन्ही वाईट. वारांच्या डब्यात इतर गोळ्या भरा पण थायरॉईडची तिच्या बाटलीतच राहू दे, बिछान्याजवळ.

ही माहिती ७ तारखेला डॉक्टरांना जशीच्या तशी सांगा. आणि पुढची टेस्ट लगेच करू नका. या औषधाचा निम्मा भाग अंगातून जायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे बदल केल्यावर नवीन आकडा स्थिर व्हायला ६ ते ८ आठवडे जातात. दहा दिवसांनी परत परत रक्त देण्यात पैसेही जातात आणि जीवही टांगणीला लागतो.

---

देवळालीकर | १९ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

बेटा, काकूंचं ऐकून १०० ची सुरू केली नाहीस हे फार बरं केलंस. माझं वय ७२. मला २५ ची गोळी होती. मागच्या वर्षी घरी रक्त दिलं, ६.१ आलं, लाल बाण. मला तो बाण सहन होईना, आयुष्यभर हिशेब चोख ठेवण्याची सवय. डॉक्टरांना न विचारता ५० केली, मग महिन्याने पुन्हा तपासलं, ४.९ आलं, बाण तसाच, म्हणून १०० केली. दीड महिन्यात वजन उतरलं, रात्री झोप जाऊन छातीत कबुतर फडफडावं तसं होऊ लागलं. एके दिवशी बाजारात भाजी घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ईसीजीत ठोके पूर्ण अनियमित. तीन दिवस दवाखान्यात. हिनं त्या तीन दिवसांत पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

डॉक्टर मला म्हणाले, तुमच्या वयाला टीएसएच जरा वर असणं हे नेहमीचंच आहे, ६.१ ला मी काहीच केलं नसतं. रिपोर्टवरची रेंज छापलेली असते, ती वय बघून छापत नाहीत.

---

पंचवटी८२ | १९ जानेवारी, संध्याकाळी ७.०५

काका, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. याच विषयावर युरोपातल्या ६५ वर्षांपुढच्या लोकांवर मोठी चाचणी झाली होती, २०१७ ला निकाल आले. टीएसएच थोडा वाढलेला असलेल्यांपैकी निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना नुसती साखरेसारखी गोळी दिली, वर्षभराने थकव्यात किंवा थायरॉईडच्या लक्षणांत दोघांमधे फरक दिसला नाही. साधारण १० च्या वर गेलं की बहुतेक डॉक्टर औषध देतातच, खालच्या पट्ट्यात वय, लक्षणं, थायरॉईडच्या गाठीवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी, बाळंतपणाचा विचार आहे का, असं सगळं बघून ठरवतात. लेकताईंच्या आईंची गोष्ट वेगळी, त्या आधीपासून गोळीवर आहेत आणि त्यांना त्रासही होतोय.

---

कॉलेजरोडची | २० जानेवारी, सकाळी ११.४५

माझा उलटा अनुभव लिहिते, कदाचित कोणाच्या कामी येईल. वय २९. केस फार गळत होते म्हणून घरीच थायरॉईड केलं, टीएसएच एकदम खाली ०.०४ आणि एफटी४ वर. नेटवर वाचलं तर सगळीकडे ग्रेव्हज डिसीज, थायरॉईड जास्त होण्याचा आजार. दोन रात्री रडून काढल्या. डॉक्टरांनी नाडी बघितली, हात पुढे करायला लावून थरथर बघितली, गळा चाचपला, आणि म्हणाल्या, तुझ्याकडे बघून हा रिपोर्ट तुझा वाटत नाही, काय घेतेस केसांसाठी? मी बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत होते, १० हजार मायक्रोग्रॅमच्या. त्या बंद करून आठवड्याने परत टेस्ट केली, २.१. काही म्हणजे काही नव्हतं मला.

---

सिडको_लॅबवाला | २० जानेवारी, दुपारी १२.२०

एकदम बरोबर. बऱ्याच मशीनमधे टेस्ट पकडायला बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात बायोटिन जास्त असलं की मशीन फसतं, टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दाखवतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मधे यावर जाहीर इशारा दिला होता. निदान दोन दिवस आधी बंद करायचं, डोस मोठा असेल तर आणखी आधी. आणि रक्त घ्यायला येणारा हे विचारत नाही, ॲपमधे तर रकानाच नसतो. तुम्हीच सांगायचं. केसांच्या, नखांच्या गोळ्या, त्या गोड गमी, सगळ्यात असतं हे.

ताप, मोठं आजारपण, ऑपरेशन झालेलं असलं तरीही थायरॉईडचे आकडे हलतात, तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या दिवसांत करू नका.

---

चिमणीची_आई | २० जानेवारी, रात्री ९.५०

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. माझी मुलगी सहा वर्षांची. जन्मली तेव्हा गोरीपान, शांत, रडायची कमी, झोपायची खूप. सगळे म्हणायचे किती गुणी बाळ आहे. तिसऱ्या दिवशी टाचेला टोचून चार थेंब एका जाड कागदाच्या कार्डावर घेतले, गोल आखलेले होते त्यात, आणि वाळत ठेवले. मला वाटलं काहीतरी फॉर्म्यालिटी आहे. दोन दिवसांनी फोन आला, बाळाला लगेच घेऊन या. शिरेतून रक्त घेतलं, टीएसएच १०० च्या वर. तिची थायरॉईडची गाठच नीट तयार झालेली नव्हती.

नवव्या दिवशी औषध सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं की मेंदूची वाढ नीट होते, उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. गोळी चुरून, चमच्यात दोन थेंब माझं दूध घालून द्यायची, रोज, एकही दिवस न चुकता. आज पहिलीत आहे, पाढे म्हणते, भांडते, सगळं करते. नाशकात असो कुठेही असो, घरात बाळ येणार असेल तर डिस्चार्जच्या आधी टाचेची टेस्ट झाली का एवढं विचारा. सगळीकडे आपोआप करत नाहीत.

तिचं रक्त मात्र मी घरी देत नाही, लहान मुलांची शीर पकडायला सवयीचा हात लागतो. आमची ठरलेली ताई आहे, तिच्याकडेच नेते.

---

म्हसरूळ_सून | २० जानेवारी, रात्री १०.०५

डोळ्यांत पाणी आलं ताई. तुमच्या चिमणीला खूप आशीर्वाद.

---

द्राक्षबाग | २१ जानेवारी, पहाटे ५.४०

दिंडोरी तालुका. आमच्याकडे ॲपवाला येत नाही, पिनकोड टाकला की सेवा उपलब्ध नाही. बायकोच्या गळ्याला पुढून सूज दिसायला लागली, पाणी गिळताना वर-खाली व्हायची. छाटणी चालू होती, मग थिनिंग, मग काय ना काय, तीन महिने असेच गेले, याचं मला वाईट वाटतं. शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं महालॅबकडून बरंच रक्त मोफत तपासतात, थायरॉईड होतंय का ते आधी विचारून जा. टीएसएच ३४ आला, अँटीबॉडी पण भरपूर. ५० पासून चालू केली, आता ८८ वर आहे, माणसात आली.

एक विचारायचं होतं. आमची म्हातारी म्हणते हे सगळं पुडीचं मीठ खाल्ल्यामुळे होतं, खड्याचं आणा. खरं आहे का?

---

पंचवटी८२ | २१ जानेवारी, सकाळी ८.३०

दादा, आजींना नमस्कार सांगा पण मीठ बदलू नका. आयोडीन कमी पडल्यामुळे गलगंड व्हायचा म्हणून तर १९६२ पासून सरकारने मिठात आयोडीन घालायचा कार्यक्रम हाती घेतला. अँटीबॉडी आहेत म्हणजे वहिनींचा आजार हाशिमोटोचा दिसतोय, त्यात शरीरच आपल्या गाठीवर हल्ला करतं. खड्याचं मीठ आणून तो थांबत नाही, उलट घरातल्या पोरांना आयोडीन कमी पडेल. आणि वेगळ्या आयोडीनच्या गोळ्या, समुद्री शेवाळाच्या पावडरी वगैरे कोणी विकायला आलं तर अजिबात घेऊ नका, जास्तीचं आयोडीनही बिघडवतं. कोबी-फ्लॉवर शिजवून बिनधास्त खाऊ दे त्यांना, कोणी बंद केलं असेल तर.

हा आजार आपल्याकडे किती आहे ते सांगतो. मुंबई, दिल्ली, कोलकाता अशा आठ शहरांत मिळून पाच हजारांवर मोठ्या माणसांचं रक्त तपासलं होतं, २०१३ मधे ते छापून आलं, जवळपास ११ टक्के लोकांना थायरॉईड कमी निघालं होतं.

---

सातपूर_शिफ्ट | २२ जानेवारी, रात्री १२.१५

सेकंड शिफ्ट करून आलोय, सगळं वाचून काढलं. म्हसरूळच्या ताईंना सॉरी, मी माझ्यापुरतं बोललो.

एक विचारतो. मिसेसला पाळी चुकून तीन आठवडे झाले, घरी टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. तिला ५० ची गोळी आहे आधीपासून. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात. तोपर्यंत थांबायचं?

---

औषधवाली | २२ जानेवारी, सकाळी ९.००

अभिनंदन! आणि नाही, थांबू नका. उद्याच फोन करून सांगा की थायरॉईड आहे आणि टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असतं, आणि आधीपासून गोळीवर असलेल्या बहुतेक जणींना डोस वाढवावा लागतो, साधारण २५-३० टक्क्यांनी. किती ते डॉक्टर ठरवतील. टेस्ट लगेच एकदा, मग निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी. गरोदरपणात रेंज वेगळी लागते, रिपोर्टवर छापलेली साधी रेंज बघू नका. आणि आता लोह-कॅल्शियम दोन्ही सुरू होईल, ते चार तास लांब ठेवा.

---

सातपूर_शिफ्ट | २२ जानेवारी, संध्याकाळी ५.३०

फोन केला सकाळीच, आजच बोलावलं. डोस वाढवून दिला, रक्तही घेतलं. घरीच आले होते घ्यायला, तिला वासाने उलट्या होतायत त्यामुळे डॉक्टरांकडून आल्यावर पुन्हा लॅबमधे नेणं शक्यच नव्हतं. नाव समोर चिकटवायला लावलं मी.

---

पाथर्डीफाट्याची_लेक | २३ मार्च, सकाळी १०.३०

धागा वर काढतेय. कबूल केल्यासारखं सांगायला आले.

७ फेब्रुवारीला डॉक्टरांना कागदावर सगळं लिहून नेलं होतं, चहा, कॅल्शियम, फळी, दोन्ही रक्तांच्या वेळा. त्यांनी तो कागद पूर्ण वाचला आणि गोळी बदललीच नाही, ७५ च ठेवली, म्हणाले १९ जानेवारीपासून नीट घेताय ना, मग आठ आठवडे पूर्ण होऊ देत. २० मार्चला पहिल्याच लॅबचा, तोच पोरगा, पावणेसातला. या वेळी आईनं आधीच कोमट पाण्याचा तांब्या धरून ठेवला होता. टीएसएच ३.२.

शाल सुटली आहे. पोटाचं बरंच बरं आहे. आवाजाला थोडा वेळ लागेल म्हणाले, पण परवा मावशीचा फोन आला तेव्हा दोघी पाऊण तास बोलत होत्या आणि मावशीनं एकदाही कोण बोलतंय विचारलं नाही.

काकूंनापण सांगितलं सगळं, त्यांच्याकडे पण बाटली गॅसवरच होती.

---

औषधवाली | २३ मार्च, सकाळी ११.१०

फार छान वाटलं वाचून. आता उन्हाळा येतोय, बाटली खिडकीतही नको. पुढची कधी?

---

पाथर्डीफाट्याची_लेक | २३ मार्च, सकाळी ११.२५

सप्टेंबरमधे. कपाटाच्या दारावरच्या कॅलेंडरवर आईनं स्वतः लिहून ठेवलंय, "रक्त. पावणेसात. गोळी नंतर."